ओझर-निफाडचे पक्षी-पंचांग



आज तारीख कोणती, असे कोणी विचारले की आपण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहतो. पण समजा, जवळ कॅलेंडर नाही, वर्तमानपत्र नाही, आणि तुम्ही ओझर गावात बाणगंगेच्या काठी उभे आहात. अशा वेळी ऋतू कोणता ते सांगता येईल का? येईल. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसलेल्या असतील, तर हिवाळा चालू आहे. बाभळीच्या फांद्यांना सुगरणीची हिरवी, अर्धवट विणलेली घरटी लोंबत असतील, तर पावसाळा आहे. भर दुपारी कुठल्याशा वडावरून तांबटाची 'टुक्-टुक्-टुक्' अखंड ऐकू येत असेल, तर उन्हाळा आला असे खुशाल समजावे.

पक्षी हे असे एक चालते-बोलते पंचांग आहे. आपल्या भिंतीवरचे पंचांग सूर्य-चंद्राच्या गणितावर तयार होते. मग पक्ष्यांचे पंचांग कशावर चालते? सायबेरियातल्या बदकाला इकडे येण्याची वेळ झाली हे कळते कसे? मी पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे पक्ष्यांकडे पाहताना या प्रश्नांमागचे उष्णतेचे, दाबाचे आणि प्रकाशाचे नियम शोधण्याची सवय लागली आहे. या पंचांगाला दोन किल्ल्या आहेत: एक उजेडाची आणि दुसरी पाण्याची. पहिली आपल्या हातात नाही. दुसरी मात्र पुष्कळशी माणसाच्या हातात आली आहे. ती कशी, हे वर्षभराचे पक्षी पाहता पाहता समजावून घेऊ.

एक जुना प्रश्न

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर नावाचे एक परगण्यासारखे क्षेत्र आहे. तेथल्या सेलबोर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक धर्मोपदेशक राहत असे. कोणता पक्षी कोणत्या तारखेला प्रथम दिसला, कोणता केव्हा नाहीसा झाला, याच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षे ठेवल्या. एकसारखे दिसणारे तीन छोटे पक्षी हे खरे तर तीन निरनिराळ्या जातींचे आहेत, हे त्याने त्यांच्या आवाजांवरून ओळखले. त्याचे पुस्तक १७८९ साली प्रसिद्ध झाले.

पण एका प्रश्नाने त्याला शेवटपर्यंत सतावले. हिवाळ्यात माळभिंगऱ्या जातात कोठे? त्या दूरदेशी जातात, की बेडकांसारख्या कोठेतरी दडून झोप घेतात? निदान काही भिंगऱ्या इथेच दडत असाव्यात, असा त्याला संशय होता. आज आपल्याला याचे हसू येईल. पण पुराव्याशिवाय यातले खरे कोणते हे ठरवणार कसे?

पुरावा मिळायला सव्वाशे वर्षे लागली. १९११ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर येथे जॉन मेसफील्ड या गृहस्थाने आपल्या घरी घरटे करणाऱ्या एका माळभिंगरीच्या पायात आकडा असलेले हलके कडे अडकवले. १९१२ च्या डिसेंबरात तीच माळभिंगरी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली! एका लहानशा कड्याने जुना वाद मिटवला. आपल्याकडेही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालण्यास सुरुवात केली. पुढे डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या नेतृत्वाखाली हे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले.

यातून घ्यायचा धडा असा की, तारीख आणि जागा यांची नोंद असल्याखेरीज पक्ष्यांविषयीचे कोणतेही विधान म्हणजे नुसता तर्क होय.

पहिली किल्ली: उजेड

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. त्यामुळे दिवस लहान-मोठे होतात. ओझर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस ११ तासांहून किंचित कमी. म्हणजे फरक अडीच तासांच्या आत. आता दक्षिण सायबेरियात ५५ अक्षांशावर चला. तेथे जूनमध्ये दिवस १७ तासांहून मोठा, तर डिसेंबरमध्ये जेमतेम ७ तासांचा! उन्हाळ्यात तेथे किडे अमाप आणि पिल्लांना भरवायला उजेडाचे पुष्कळ तास. हिवाळ्यात मात्र तळी गोठतात आणि अन्न शोधायला दिवसच पुरत नाही.

पण निघायचे केव्हा? थंडी सुरू झाल्यावर निघावे तर कधी ती लवकर येते, कधी उशिरा. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्या त्या तारखेला ठरलेली असते. पक्षी हेच घड्याळ वापरतात, असे कॅनडातील विल्यम रोवन या शास्त्रज्ञाला वाटले. १९२४-२५ च्या हिवाळ्यात एडमंटन येथे त्याने जुंको नावाचे चिमणीएवढे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. एका पिंजऱ्यात विजेचे दिवे लावून तो दिवस रोज काही मिनिटांनी वाढवत गेला. दुसऱ्या पिंजऱ्यात नैसर्गिक उजेडच ठेवला. थंडी दोन्हीकडे सारखीच, कडाक्याची. तरीही दिवे लावलेल्या पक्ष्यांच्या शरीरात ऐन हिवाळ्यात वसंतातले बदल घडून आले! बदल घडवणारी गोष्ट तापमान नव्हती, तर उजेडाचा काळ होता. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व सारख्या ठेवायच्या, हे प्रयोगाचे तत्त्व रोवनने किती साधेपणाने वापरले ते ध्यानात घ्या.

आता आपल्या वर्षाकडे वळू. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा आपणही पावसाळ्यापासूनच आरंभ करू.

पावसाळा: घरट्यांचा हंगाम

मृगाच्या आधीपासून पावशाची 'पेरते व्हा, पेरते व्हा' ही हाक शिवारात ऐकू येते. हिवाळ्यात ती ऐकू येत नाही, म्हणून पावशा परगावाहून येतो असे अनेकांना वाटते. खरे म्हणजे तो बहुधा येथेच असतो. फक्त गप्प असतो. कोकिळेचेही तसेच. आवाज नाही म्हणजे पक्षी नाही, असे मानू नये. म्हणून नोंद करताना 'दिसला' आणि 'ऐकला' हे दोन शब्द नेहमी वेगळे लिहावेत.

खरा पाहुणा आहे तो चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो. तो फक्त पावसाचे थेंब पितो ही कविकल्पना आहे. पाऊस पडला की पालवी फुटते, पालवीवर केसाळ सुरवंट होतात आणि सुरवंट हे चातकाचे आवडते खाद्य. शिवाय याच दिवसांत सातभाईंची घरटी असतात आणि चातकाची मादी आपली अंडी त्यांत घालते. पाऊस, सुरवंट आणि सातभाई यांच्या वेळा जुळतात, म्हणून चातक त्या वेळी येतो.

सुगरणीचे घरटे पाहायला दूर जावे लागत नाही. विहिरीवर झुकलेली बाभूळ पाहा. घरटे विणतो तो नर. गवताच्या ओल्या, लवचीक पात्या लागतात म्हणून हे काम पावसाळ्यातच होते. वाळलेली पाती वाकवली तर मोडते. हे तुम्ही स्वतः करून पाहा.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळव्या जमिनीतून बाहेर पडतात. लगेच आकाशात घारींची गर्दी होते. ओझरला विमान कारखाना आणि धावपट्टी आहे, म्हणून येथे एक हिशेब करू. समजा, घारीचे वस्तुमान ६०० ग्रॅम आहे आणि विमानाचा वेग सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटर आहे. विमानाच्या दृष्टीने घारीची गतिज ऊर्जा = ½ × ०·६ × ७० × ७० = १४७० ज्यूल. दीडशे किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तर एवढीच ऊर्जा मिळते! म्हणून विमानतळाच्या आसपास उघड्यावर कचरा व मांसाचे अवशेष टाकू नयेत असा नियम असतो. घार अन्नामागे जाते. तिला धावपट्टीपासून दूर ठेवायचे तर तिचे अन्न तेथे न टाकणे हाच उपाय.

तळ्यात कमळाची किंवा शिंगाड्याची पाने असतील तर त्यांवरून चालणारा कमळपक्षी शोधा. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची ती डौलदार शेपटी विणीच्या म्हणजे पावसाळ्याच्या दिवसांतच दिसते. अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. हा पानावरून चालतो आणि बुडत नाही, ही जादू नव्हे. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. समजा, पक्ष्याचा भार २०० ग्रॅम आहे. तो पानाच्या ५ चौरस सेंटिमीटर भागावर पडला तर दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्रॅम भार येतो. लांबच लांब बोटांमुळे तोच भार ५० चौरस सेंटिमीटरांवर वाटला गेला, तर येतो फक्त ४ ग्रॅम. चिखलातून जाताना आपण फळी टाकतो, ती याच कारणासाठी.

हिवाळा: नांदूर मध्यमेश्वरची जत्रा

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. ब्रिटिश राजवटीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तो शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साठत गेला आणि उथळ पाणी, चिखलाची बेटे, पाणगवत व काठची झाडी असा एक नवाच प्रदेश तयार झाला. पक्ष्यांसाठी कोणी काही बांधले नव्हते. ते आपणहून आले. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागा जपण्यासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर या गावी एक करार झाला होता. त्या कराराच्या यादीत नांदूर मध्यमेश्वरचे नाव आल्याचे २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर जागा होय. ओझरहून निफाडमार्गे तेथे सहज जाऊन येता येते.

हिवाळ्यात भल्या सकाळी चापडगावच्या बाजूने मनोऱ्यावर चढा आणि प्रथम काठापासून आत अशी नजर फिरवा. जणू पाण्याची खोली मोजण्याची पट्टीच कोणी आखून ठेवली आहे, असे दिसेल. ओल्या चिखलावर शेपटी हलवणारे धोबी. बोटभर पाण्यात तुतवार. वीतभर पाण्यात तांबड्या काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या. त्याच्या पलीकडे चमचा हा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. आणखी आत चित्रबलाक. काही वर्षी रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही. त्यापुढे डोके खाली, शेपटी वर करून तळचे खाणारी तलवार बदके, आणि पसरट चोचीने पाणी गाळणारे थापटे. सर्वांत आत, खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या लालसरी, आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी. ज्याचे पाय वा मान जेवढी लांब, तेवढे त्याचे पाणी खोल. एकाच तळ्यात इतक्या जाती भांडणाशिवाय पोट भरतात त्याचे कारण हेच की, त्यांची पंगत एक असली तरी पाने वेगवेगळी आहेत.

या गर्दीत येथलेच रहिवासीही आहेत. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी तांबडे ठिपके असणारे हळदी-कुंकू बदक वर्षभर येथे असते. नारिंगी रंगाचा चक्रवाक मात्र पाहुणा. रात्री या जोडप्याची ताटातूट होते असे काव्यात म्हणतात. प्रत्यक्षात त्यांचे घर लडाख-तिबेटच्या पठारावर असते. मध्येच सगळी बदके एकदम उडाली, तर वर पाहा: दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणगवतावरून संथपणे फेरी घालत असेल.

आता एक शंका. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा खाली उतरला की ती बातमी होते. मग थंडी टाळायला निघालेले पक्षी अशा ठिकाणी का येतात? कारण ते थंडीला भीत नाहीत. पिसांत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. पक्ष्याची ती गोधडीच. उघडे असतात ते पाय. तेथे निसर्गाने एक सुंदर युक्ती केली आहे. पायाकडे जाणारी गरम रक्ताची धमनी आणि पायाकडून येणाऱ्या थंड रक्ताच्या शिरा एकमेकींना लागून असतात. जाणारे रक्त आपली उष्णता येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. पाय थंडच राहतात, पण शरीराची उष्णता पाण्यात वाया जात नाही. पक्षी येतात ते थंडी टाळायला नव्हे, तर बर्फाने कुलूपबंद केलेले अन्न सोडून उघड्या पाण्यातले अन्न शोधायला.

पट्टकादंब हा हंसाच्या कुळातला पक्षी तर मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. गोदावरीवर पुढे असलेल्या जायकवाडीच्या जलाशयावर त्याचे थवे हिवाळ्यात उतरतात. साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि श्वासातून प्राणवायूही निम्माच. पट्टकादंबाच्या रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरते, हे त्याचे एक बळ. त्याच्या अंगावर छोटी यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात ७२०० मीटरांहून थोडी अधिक उंची नोंदली गेली आहे. पण तो तसा क्वचितच जातो. बहुतेक वेळ तो डोंगर-दऱ्यांच्या चढउताराप्रमाणे वर-खाली होत, जमिनीला धरून उडतो. पुन्हा चढावे लागले तरी दाट हवेत उडणे त्याला स्वस्त पडते.

शिवारातही पाहुणे असतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या मध्य आशियातून ऑगस्टच्या सुमारासच येऊ लागतात आणि ज्वारीच्या कणसांवर उतरल्या की शेतकऱ्याला गोफण घ्यावी लागते. त्याच भोरड्या पुढे पळस आणि पांगारा फुलल्यावर त्यांचा मध पितात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. एकाच पक्ष्याला शत्रू किंवा मित्र अशी एकच चिठ्ठी चिकटवता येत नाही.

उन्हाळा: तापत्या जमिनीवरची अंडी

मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठा होऊ लागला की बदके उत्तरेकडे निघतात. पाणी आटते. पण पक्षी संपत नाहीत. कोकीळ ओरडू लागतो, कारण कावळ्यांची घरटी करण्याची वेळ जवळ आलेली असते. वेडे राघू नदीच्या दरडीत बिळे कोरतात.

या दिवसांत सर्वांत अवघड संसार टिटवीचा. ती उघड्या माळावर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी घालते. इतर पक्षी अंड्यांना ऊब देण्यासाठी बसतात. टिटवीला भर दुपारी अंडी थंड ठेवण्यासाठी बसावे लागते. ती सावली तर धरतेच, पण अधूनमधून पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते तोच नियम येथे आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. वीस ग्रॅम पाण्यातून एवढी उष्णता काढून घेतली, तर त्याचे तापमान जवळजवळ २८ अंशांनी उतरेल! चिमूटभर ओलाव्यात केवढे सामर्थ्य आहे, पाहा. पण जवळपास पाणीच नसेल तर? तर टिटवीचे हे पदार्थविज्ञान कामी येत नाही.

दुसरी किल्ली: पाणी

आता आपण मुद्द्याला आलो. उजेडाची किल्ली सूर्याच्या हाती आहे. सायबेरियातले बदक दरवर्षी ठरल्या वेळी निघणार. पण ते येथे पोहोचल्यावर त्याला काय मिळेल, हे ठरवते पाण्याची पातळी. आणि नांदूर मध्यमेश्वरची पातळी वरच्या धरणांतून किती पाणी सुटते आणि कालव्यांत किती जाते यावर अवलंबून आहे. येथून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे कोपरगावकडच्या शेतीला पाणी देतात.

एक आकृती काढा. तळ्याचा तळ अगदी सौम्य उताराचा आहे असे माना: शंभर सेंटिमीटर आडवे गेल्यावर एक सेंटिमीटर उतार. आता पाणी ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, वाढले. काठ किती सरकेल? ३० × १०० = ३००० सेंटिमीटर, म्हणजे ३० मीटर! तुतवारांची चिखलाची तीस मीटर रुंद पंगत पाण्याखाली गेली. उलट पाणी फूटभर उतरले तर तीस मीटरांचा पट्टा उघडा पडेल; आरंभी तेथे पक्ष्यांची चैन होईल, पण पुढे तो वाळून टणक होईल. आपल्याला फूटभर वाटणारा फरक उथळ तळ्यात पक्ष्यांच्या राहण्या-न राहण्याचा असतो.

याशिवाय गाळ वाढतो, तसे उथळ पाणी हळूहळू जमीन होऊ लागते. सांडपाण्यातून खत मिळाले की जलपर्णी फोफावते. तिच्या हिरव्या गालिच्याखाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि बदकांना उतरायला मोकळे पाणी उरत नाही.

शेतीला पाणी नको, पक्ष्यांना द्या, असे कोणी म्हणणार नाही. हा बंधारा शेतीसाठीच झाला आणि त्यातूनच पक्ष्यांचे घर घडले. प्रश्न एवढाच आहे की, किती पाणी, केव्हा आणि किती हळूहळू सोडले म्हणजे दोघांचेही भागेल? याचे उत्तर मोजमापाशिवाय देता येणार नाही. ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकात वाघाड धरणाच्या पाण्यासाठी पाणीवापर संस्था उभारल्या आणि पाणी मोजून घेण्याची रीत घालून दिली. पाणी मोजले तेव्हाच त्याचे न्याय्य वाटप करता आले. पक्ष्यांच्या बाबतीतही आधी मोजणी हवी.

तुमची वही

ही मोजणी तुम्ही करू शकता. त्याला महागडी उपकरणे लागत नाहीत. शंभर पानी वही घ्या आणि सहा रकाने आखा: तारीख व वेळ, जागा, पक्ष्याचे नाव, दिसला की ऐकला, संख्या, काय करत होता. पुढील नियम पाळा.

१. जागा आणि वेळ ठरलेली असावी. बाणगंगेचा एक पूल, शाळेचे आवार किंवा घराची गच्ची यांपैकी एक निवडा आणि दर रविवारी सकाळी अर्धा तास पाहा.

२. काही दिसले नाही तरी 'काही नाही' असे लिहा. शून्य हीसुद्धा नोंद आहे. माळभिंगरी २ ऑक्टोबरला आली असे म्हणायचे, तर त्याआधीच्या रविवारी ती नव्हती हे लिहिलेले पाहिजे.

३. मोठा थवा एक-एक करून मोजू नका. आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत साठवा आणि तसे किती गट होतात ते पाहा. दोन मित्रांनी वेगवेगळे मोजून नंतर आकडे ताडून पाहावेत. फरकावरून आपल्या मोजणीत चूक किती संभवते ते कळेल.

४. नाव ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नका. आकार, चोच, पाय, शेपटी यांचे चित्र काढा. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा 'पक्षिकोश' शाळेच्या ग्रंथालयात पाहा.

५. घरट्याजवळ जाऊ नका. टिटवी टाहो फोडत असेल तर अंडी जवळच आहेत असे समजून मागे फिरा. उन्हात दहा मिनिटे उघडी पडलेली अंडीही वाया जाऊ शकतात.

१९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. त्यात हौशी निरीक्षकच मोठ्या संख्येने भाग घेतात. पण जानेवारीतली एक गणना म्हणजे वर्षातले एकच छायाचित्र. बाकीचे एकावन्न आठवडे कोण भरून काढणार? एक वर्षाची वही तुम्हाला आनंद देईल. पाच वर्षांच्या वह्या काही प्रश्न विचारू लागतील: माळभिंगऱ्या उशिरा येतात का? सुगरणीची घरटी पाऊस लांबला तर मागे पडतात का? जलपर्णी वाढली त्या वर्षी वारकरी किती होते? आणि एखाद्या शाळेने वीस वर्षांच्या वह्या सांभाळल्या, तर नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याविषयी बोलताना त्या शाळेचे म्हणणे कोणालाही ऐकून घ्यावे लागेल.

विचार करा

१. रोवनने दिवे लावले त्या पिंजऱ्यात उष्णताही थोडी वाढली असेल, असा आक्षेप कोणी घेतला तर तो दूर करण्यासाठी तुम्ही प्रयोगात कोणता बदल कराल?

२. तळाचा उतार पन्नासास एक असेल, तर पाणी २० सेंटिमीटर उतरल्यावर काठ किती मीटर सरकेल?

३. दमट हवेच्या दिवशी टिटवीची पिसे भिजवण्याची युक्ती कमी उपयोगी का पडेल? (माठातले पाणी पावसाळ्यात फारसे गार का होत नाही, ते आठवा.)

४. ओझरच्या आकाशात आज दिसणारे कोणते पक्षी सहा महिन्यांनी दिसणार नाहीत? तुमचा अंदाज आजच वहीत लिहा, खाली तारीख घाला, आणि सहा महिन्यांनी ते पान उघडा.